उशिरा बोलणाऱ्या मुलासाठी खेळणी: काय घ्यावं, काय टाळावं आणि खेळावं कसं

दोन-अडीच वर्षांचं मूल बोलत नाही म्हणून आमच्याकडे स्पीच थेरपीला, म्हणजे वाचा-उपचाराला आणलं, की पहिल्या-दुसऱ्या भेटीतच आई-बाबा विचारतात, "मॅडम, खेळणी कोणती घेऊ? लिस्ट द्या ना." तोवर त्यांनी ऑनलाइन बरंच काही मागवलेलं असतं. बटण दाबलं की 'ए फॉर ॲपल' म्हणणारा छोटा लॅपटॉप, प्राण्यांचे आवाज काढणारं पुस्तक, कार्ड खुपसलं की शब्द उच्चारणारं मशीन. हे शेवटचं तर हल्ली घरोघर दिसतं. खोक्यावर 'स्पीच थेरपी' असं छापलेलंही असतं, त्यामुळे घेणाऱ्याला दोष देता येत नाही.

लिस्ट मी देते, पण आधी एक कसोटी सांगते. खेळणं हातात घ्या आणि विचारा: हे दुसऱ्या माणसाशिवाय चालतं का? अगदी मजेत चालत असेल, तर बोलणं यावं म्हणून ते घेऊ नका. मूल बोलायला लागतं ते कुणाकडून तरी काही हवं असतं, कुणाला तरी काही दाखवायचं असतं म्हणून. जे खेळणं आपलं आपण गातं, चमकतं आणि बोलतं, त्याच्यापुढे बसलेल्या मुलाला तोंड उघडायचं कारणच उरत नाही. शेजारी बसलेली मोठी माणसंही गप्प होतात. अमेरिकेत ॲना सोसा यांनी 10 ते 16 महिन्यांच्या 26 बाळांचं पालकांबरोबरचं खेळणं घरीच ध्वनिमुद्रित केलं होतं. तो अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. आवाज करणारी इलेक्ट्रॉनिक खेळणी समोर असताना पालक सगळ्यात कमी बोलले, साध्या लाकडी-रबरी खेळण्यांशी त्याहून जास्त आणि पुस्तकं घेऊन बसल्यावर सर्वांत जास्त. थेरपीच्या खोलीत आम्हाला रोज हेच दिसतं.

पुढचं सगळं साधारण दीड ते चार वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याहून मोठ्या, बोलणाऱ्या पण उच्चार बोबडे असलेल्या मुलांसाठी एक वेगळा भाग शेवटाकडे आहे.

खेळण्यांच्या आधी कान

बोलणं उशिरा येत असेल तर पहिला खर्च खेळण्यांवर करू नका, श्रवणचाचणीवर करा. "हाक मारली की वळतो, टीव्ही लावला की पळत येतो, ऐकू येतंय त्याला," असं प्रत्येक घरात म्हणतात. पण सर्दीमुळे कानाच्या पडद्यामागे पाणी साठलेलं मूलही टीव्हीला पळत येतं. काही आवाज ऐकू येतात आणि काही येत नाहीत, असंही असू शकतं. 'स', 'श', 'फ' असे बारीक आवाज हुकतात आणि शब्द अर्धवट पोचतात. जन्मानंतर केलेली तपासणी नॉर्मल आली असली तरी पुन्हा करा. ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, वयाप्रमाणे ओएई (कानात छोटं बोंडूक ठेवून होणारी), बेरा (डोक्याला तारा चिकटवून होणारी) किंवा खेळातून घेतली जाणारी चाचणी करतात. बेरा बहुधा मूल झोपेत असताना होते, म्हणून त्या दिवशी दुपारची झोप आधी काढू देऊ नका.

कधी काळजी करायची? वर्षाच्या आसपास पहिला शब्द यावा आणि बोटानं दाखवणंही सुरू व्हावं. दोन वर्षांना साधारण पन्नास शब्द आणि 'आई ये', 'पाणी दे' अशा दोन शब्दांच्या जोड्या अपेक्षित असतात. "याचे बाबापण तीन वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते," हे आजीचं वाक्य खरं असेलही, पण त्यावर वर्षभर थांबू नये.

मूल आत्ता कसं खेळतं ते बघा

दुकानात जाण्याआधी चार-पाच दिवस नुसतं बघा. मदत करायची नाही, शिकवायचं नाही. खोक्यावर लिहिलेलं वय सुरक्षिततेसाठी असतं, तुमच्या मुलाची भाषा कुठे आहे हे त्यावरून कळत नाही.

काही मुलं वस्तू तोंडात घालतात, आपटतात, फेकतात. काहींना 'मी हे केलं की ते होतं' यात मजा येते: बटण, नळ, दिव्याचा स्विच. काही मुलं वस्तू तिच्या कामासाठी वापरतात, म्हणजे कंगवा केसांना आणि फोन कानाला. काही त्यापुढे जाऊन रिकामा कप बाहुलीच्या तोंडाला लावतात. यात तुमचं मूल जिथे असेल, तिथलं किंवा तिथून अर्धी पायरी वरचं खेळणं घ्या. सगळं फेकणाऱ्या मुलाला डॉक्टरचा सेट आणला तर स्टेथोस्कोपही फेकला जातो आणि घरात उगाच आरडाओरडा होतो. त्या मुलाला बादली आणि मोठे चेंडू द्या. फेकणं हाच त्याचा खेळ आहे, आपण त्याला 'टाक!' हा शब्द जोडायचा.

गाड्यांची रांग लावत बसणारं किंवा गाडी उलटी करून चाकच फिरवणारं मूलही असतं. तिथे गाडी हिसकावून "अशी चालवायची बघ" करू नका. शेजारी बसा, दुसरी गाडी घेऊन तुम्हीही चाक फिरवा आणि म्हणा, "फिर फिर फिर... थांब!" पुन्हा फिरवा. 'थांब'ला त्यानं तुमच्याकडे बघितलं, की खेळात दुसरा माणूस आला. हाकेला न वळणं, नजर न देणं, बोटानं न दाखवणं हे सगळं एकत्र असेल तर विकासात्मक बालरोगतज्ज्ञांकडूनही तपासून घ्या.

आधी शब्द ठरवा, मग खेळणं

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. घरोघर पहिली मोहीम असते रंग, आकडे आणि एबीसीडीची. अडीच वर्षांचं मूल 'येलो' म्हणतं, पण तहान लागली तर फ्रीजपाशी उभं राहून रडतं, हे मी नेहमी बघते. रंगाच्या नावानं त्याला काही मिळत नाही. 'दे' म्हटल्यानं मिळतं.

मराठीत सुरुवातीला लागणारी कितीतरी क्रियापदं एका अक्षराची नाहीतर अगदी छोटी आहेत: दे, घे, ये, जा, बस, ऊठ, काढ, घाल, टाक, उघड. त्यांच्या जोडीला 'अजून', 'नको', 'झालं', 'संपलं', 'गेला', 'पडला'. शिवाय आवाजी शब्द आहेतच: धप्प, भुर्र, टप टप, फुस्स, हम्मा, भू भू. यांना कमी लेखू नका. 'म्हैस' म्हणता न येणारं मूल 'हम्मा' म्हणतं आणि आमच्या वहीत तो शब्द म्हणूनच मोजला जातो.

यातले पाच-सहा शब्द निवडा. कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवा, म्हणजे आजी, आजोबा, सांभाळणाऱ्या मावशी सगळे तेच शब्द वापरतील. मग विचार करा, दहा मिनिटांच्या खेळात हे शब्द पुन्हा पुन्हा, ओढूनताणून न आणता, कोणत्या खेळण्यात येतील? 'उघड' आणि 'अजून' हवे असतील तर साबणाचे फुगे. 'पडला' आणि 'धप्प' हवे असतील तर ठोकळे. 'ये' आणि 'जा' हवे असतील तर गाडी आणि उतरण.

साबणाचे फुगे

एकच खेळणं घ्यायची ऐपत असेल तर मी हे सांगेन. जत्रेत, चौपाटीवर, कोपऱ्यावरच्या जनरल स्टोअरमध्ये मिळतं. मशीनगनसारखी बॅटरीवर फुगे सोडणारी बंदूक घेऊ नका, ती आपल्या कसोटीत नापास होते. साधी बाटली आणि कांडी हवी.

दोन-तीनदा फुगे उडवा, मूल पकडायला धावू दे. "फुगा! फुटला! अजून एक... फुटला!" मग झाकण घट्ट लावा आणि बाटली मुलाच्या हातात देऊन गप्प बसा. ते झाकणाशी झटेल, दातांनी उघडायला जाईल (तेवढं थांबवा), शेवटी बाटली तुमच्याकडे ढकलेल. इथे घरची माणसं लगेच उघडून देतात. देऊ नका. बाटली आपल्या गालाजवळ धरा, म्हणजे त्याची नजर आपसूक तुमच्या चेहऱ्याकडे येईल, आणि मनात सावकाश दहापर्यंत मोजा. त्यानं डोळ्यांत बघितलं, 'अं' केलं, झाकणावर बोट ठेवलं, यातलं काहीही आलं की "उघड! उघड!" म्हणत ताबडतोब उघडा. पुढच्या वेळी कांडी ओठांपाशी नेऊन थांबा. बरीच मुलं 'फू' तिथेच काढतात.

थांबायचं ते मूल रडकुंडीला येण्याच्या आत. शब्द आला नाही तर देणारच नाही, असा हट्ट धरलात तर ते फुग्यांकडे पाठ फिरवेल आणि तुमच्याकडेही.

एक गैरसमज इथेच दूर करते. फुंकल्यानं तोंडाचे स्नायू बळकट होतात आणि मग बोलणं येतं, असं सांगून शिट्ट्या, पिपाण्या, स्ट्रॉ यांचे व्यायाम दिले जातात. बोलणं सुधारण्यासाठी अशा व्यायामांचा उपयोग होतो याला भक्कम पुरावा नाही. फुगे कामाचे आहेत ते ते मागावे लागतात म्हणून. शिट्टी मिळाली की मूल तासभर ती वाजवत बसतं आणि तेवढा वेळ बोलायला तोंडच रिकामं नसतं.

गाडी, चेंडू, भोवरा

गाडीला रिमोट नको. पुठ्ठ्याचा खोका कापून पलंगाला तिरका टेकवला की उतरण तयार. गाडी वर धरून ठेवा आणि म्हणा, "एक... दोन... साडेमाडे..." आणि थांबा. सलग सात-आठ वेळा "तीन!" तुम्हीच म्हणून गाडी सोडलेली असली, की नवव्या वेळी ती मोकळी जागा मुलाला सहन होत नाही. 'ती', 'ईं', काहीतरी निघतंच. खरं काम त्या थांबण्यात आहे.

चेंडूत पाळी येते: माझ्याकडे, तुझ्याकडे, बाबांकडे. 'घे' आणि 'दे' एका मिनिटात डझनभर वेळा होतात. जमिनीवर पाय पसरून समोरासमोर बसा आणि चेंडू घरंगळवत द्या. झेलायला लावू नका, त्यात भाषा मागे पडते.

चावीचा बेडूक, लाकडी भोवरा, भिरभिरं यांचा गुण असा की छोट्या बोटांना ती फिरवता येत नाहीत. भोवरा थांबला की तो उचलून तुमच्या तळहातावर ठेवणं हेही मागणंच आहे. तळहातावर आला की "फिरव!" म्हणा आणि फिरवा.

भातुकली

मला यावर सविस्तर लिहायचं आहे, कारण मराठी घरात भाषेसाठी यापेक्षा सरस साधन मला तरी सापडलेलं नाही. ती जुन्या हौशीची, शोकेसची किंवा बारशाला द्यायची वस्तू होऊन बसली आहे.

ऑनलाइन मिळणारा गुलाबी 'किचन सेट' आणि भातुकली यात फरक आहे. किचन सेटमध्ये पिझ्झा, बर्गर, सिंक आणि ओव्हन असतो. आपल्या मुलानं जन्मल्यापासून ओट्यावर बघितलेला असतो तो कुकर, तवा, कढई, पोळपाट-लाटणं, चहाचं पातेलं आणि गाळणं. जे रोज बघितलं तेच खेळात येतं आणि जे खेळात येतं त्याला शब्द चिकटतात. स्टीलचा छोटा संच, लाकडी संच किंवा मातीची बोळकी, काहीही चालेल. संच मिळाला नाही तर खालच्या ट्रॉलीतली खरी भांडी काढून द्या.

सुरुवात चहानं करा. पाणी ओत. साखर टाक. पावडर टाक. ढवळ, ढवळ, ढवळ. उकळला! गाळ. कपात ओत. गरम आहे, फू कर. पी. संपला! ही सगळी क्रियापदं आहेत बघा, आणि प्रत्येकाला हाताची हालचाल आहे. रोज याच क्रमानं करा. क्रम पाठ झाला, म्हणजे साखरेनंतर काय येतं हे मुलाला ठाऊक झालं, की मुद्दाम घोळ घाला. रिकामा कप पुढे करून म्हणा, "घ्या, चहा घ्या." मूल कपात बघेल, तुमच्याकडे बघेल. "अरेच्चा! चहाच नाही? ओत, ओत." दुसऱ्या दिवशी झाकण लावलेल्या पातेल्यातून ओतायला जा. मोठ्या माणसाची फजिती मुलांना फार आवडते आणि ती दुरुस्त करायला ती बोलतात.

मूल एकेक शब्द बोलू लागलं, की याच भांड्यांवर व्याकरणही होतं. कप पडला, बशी पडली, पातेलं पडलं. तिन्ही वस्तू मुद्दाम ओळीनं पाडा आणि प्रत्येक वेळी नीट म्हणा. लिंग समजावून सांगायला जाऊ नका, कानावर पडू द्या. तसंच 'कपात', 'कपावर', 'कपाखाली'. पातेलं, पण 'पातेल्यात'. तवा, पण 'तव्यावर'. शब्दाचं रूप असं बदलणं मराठी मुलाला पेलावंच लागतं आणि ज्याची भाषा उशिरा येते ते मूल तिथे हमखास अडखळतं. त्याला जास्त वेळा ऐकायला लागतं, बाकी काही वेगळं नाही. मूल 'चमचा पातेलं' म्हणालं तर "चूक" म्हणू नका. "हो, चमचा पातेल्यात!" एवढंच.

मुलगा आहे म्हणून भातुकली नको, असं अजूनही कुणीतरी म्हणतं, बहुधा आजोबा. त्यांनाच पाहुणे करून चहाला बसवावं. पाहुण्याला साखर किती हवी ते विचारावं लागतं, त्यामुळे प्रश्न विचारण्याचा सराव फुकटात होतो.

बाकीची, थोडक्यात

ठोकळे आणि खुंटीची लाकडी कोडी घेतलीत तर तुकड्यांची पिशवी तुमच्या मांडीवर राहू द्या. एकेक मागायचा, एकेक द्यायचा. सगळे समोर ओतले की खेळ मुका होतो.

बाहुली शक्यतो अंघोळ घालता येईल अशी घ्या. झोपव, उठव, भरव, पूस, आणि नाक-कान-पोट तिथेच होतं. केस विंचरायच्या फॅशनच्या बाहुलीचा या वयात उपयोग नाही.

प्राण्यांचा संच घेताना जिराफ, झेब्रा, पाणघोडा यांनी भरलेला टाळा. गाय, म्हैस, बकरी, कोंबडी, कुत्रा, मांजर हवेत. आणि परीक्षा घेऊ नका. "हे काय आहे? सांग ना, मावशीला सांग" हा प्रश्न मुलालाही ठाऊक असतं की खोटा आहे, उत्तर तुम्हाला माहीत आहे. त्याऐवजी म्हैस घेऊन त्याच्या पोळीवर चाल करा.

पुस्तक जाड पुठ्ठ्याच्या पानांचं, एका पानावर एक प्रसंग असलेलं हवं. नुसती वस्तूंची चित्रं असलेल्या पुस्तकाचं पटकन प्रश्नपत्रिकेत रूपांतर होतं. फ्लॅशकार्डांबद्दल माझं मत तेच आहे.

ओढणी कुठल्याच दुकानात 'टॉय' म्हणून मिळत नाही, पण तोंडावर घेऊन 'कुक' करायला, गाडी झाकायला, बाहुलीला पांघरायला तिच्यासारखं काही नाही.

उच्चार बोबडे असतील तर

मूल चार वर्षांच्या पुढचं आहे, वाक्यं बोलतं, पण 'काका'ला 'ताता' म्हणतं किंवा 'गाडी'ला 'दाडी'. इथे खेळणं आवाजावरून निवडायचं. कोणता आवाज आधी घ्यायचा ते थेरपिस्टला ठरवू द्या, कारण 'र', 'श', 'ळ' असे काही आवाज मुळातच उशिरा येतात. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला 'र'साठी जीभ वळवायला लावून छळणं नको.

'क' ठरला, तर एका पिशवीत तो आवाज असलेल्या वस्तू जमवा: केळं, काकडी, कंगवा, कात्री (प्लॅस्टिकची), कप, कुलूप. डोळे मिटून हात घालायचा आणि हाताला काय लागलं ते सांगायचं. त्याहून सरस म्हणजे एकाच आवाजानं अर्थ बदलणारी जोडी. टेबलावर खेळण्यातली कार आणि एक जाड तार ठेवा. मुलानं मागायचं, तुम्ही द्यायचं. त्याला कार हवी असते, तोंडातून 'तार' निघतं, तुम्ही निमूट तार देता. त्याच्या चेहऱ्यावरचा गोंधळ हाच धडा. तार बोथट टोकांची, प्लॅस्टिक चढवलेली हवी, आणि हा खेळ हसत खेळायचा, चिडवत नाही.

विकत घेताना

भारतात 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. खोक्यावर ते बघा. नोंदणीकृत हस्तकारागिरांनी बनवून विकलेल्या खेळण्यांना यातून सूट आहे, त्यामुळे तिथे चिन्ह नसलं तरी घाबरायला नको, पण मग नजर आपली. रंग ओल्या फडक्याला लागतो का, कड बोचते का, चाक ओढून निघतं का, हे तिथेच बघा. सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी भाज्या-फळं आणि कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाखेच्या रंगाची लाकडी खेळणी छान मिळतात. थेरपीसाठी त्यांचा एक फायदा म्हणजे ती आवाज करत नाहीत.

तीन वर्षांखाली गिळता येण्याजोगा तुकडा घरात नको. सुरक्षिततेच्या चाचणीत वापरतात त्या नळकांड्याचा व्यास 31.7 मिलिमीटर असतो. घरी टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी घ्या, तीतून जे आत जातं ते लहान मुलाला द्यायचं नाही. मणी, गोट्या, शेंगदाणे, रबरी फुग्यांचे फुटके तुकडे हे सगळं यात येतं. चपटी गोल बॅटरी असलेल्या खेळण्याचं झाकण स्क्रूनं बंद होणारं हवं. ती बॅटरी गिळली गेली तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते, तेव्हा संशय आला तरी थेट हॉस्पिटल गाठायचं. छोटी लोहचुंबकं दोन गिळली तर आतडं मध्ये चिमटून बसतं. ती घेऊच नका.

बोलणारं खेळणं आधीच घरात आहे? बॅटरी काढून टाका. निम्मी त्यानंतर बरी खेळणी होतात.

किती आणि कुठे ठेवायची

अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या 2018 च्या एका अभ्यासात दीड ते अडीच वर्षांच्या 36 मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळण्यांमध्ये खेळू दिलं होतं. चार असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त प्रकारांनी खेळली. म्हणून बाहेर चार-पाचच ठेवा, उरलेली गोणीत बांधून माळ्यावर. दर आठवड्याला दोन खाली, दोन वर. माळ्यावरून उतरलेलं जुनं खेळणं मुलाला नवंच वाटतं आणि खिशालाही बरं.

बाहेरची खेळणी घट्ट झाकणाच्या पारदर्शक बरण्यांत, नजरेला पडतील पण हाताला लागणार नाहीत अशा फळीवर ठेवा. दिसलं की हवं होतं, हवं झालं की मागावं लागतं. लोणच्याच्या रिकाम्या बरण्या यासाठी उत्तम. फक्त मूल फळीवर चढणारं असेल तर ती भिंतीला पक्की करून घ्या.

दिवसात दोनदा पंधरा-पंधरा मिनिटं, टीव्ही बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत, आणि तुम्ही जमिनीवर त्याच्या समोर. तासभर बसवून ठेवण्याची गरज नाही. मूल एका शब्दावर असेल तर तुम्ही दोन शब्दांत बोला. 'गाडी' म्हणालं की "गाडी गेली", 'गाडी गेली' म्हणालं की "लाल गाडी गेली". लांबलचक वाक्यं नकोत आणि "बोल ना, बोल ना" तर नकोच.

घरात दोन-तीन भाषा असतील तर

पुण्यात घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी, बंगळुरूत त्यात कन्नड, दुबईत किंवा न्यू जर्सीत आणखी वेगळं. दोन भाषांमुळे मूल बोलायचं थांबत नाही. खेळताना तुम्ही जी भाषा न अडखळता, गमतीनं, रागानं, लाडानं बोलू शकता ती वापरा. परदेशातल्या घरांत थेरपी इंग्रजीत चालते म्हणून आईही जपून इंग्रजी बोलायला लागते आणि खेळातली सगळी मजा निघून जाते. थेरपिस्टकडून नेमके कोणते शब्द चालू आहेत ते विचारून घ्या आणि घरी त्यांच्याच जागी मराठी शब्द घेऊन खेळा. तिथे 'ओपन' चालू असेल तर घरी 'उघड'.

कुठे दाखवायचं

महिना-दोन महिने रोज असं खेळूनही नवा शब्द, नवा इशारा काहीच दिसत नसेल, किंवा येत असलेले शब्द गेले असतील, तर घरचे प्रयोग पुरेत. शब्द गेले असतील तर महिनाही थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत लवकर हस्तक्षेपाची केंद्रं आहेत, 'डीईआयसी' असं विचारलं की सांगतात. अंगणवाडीतून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातूनही तिथे पाठवलं जातं. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत श्रवणचाचणी आणि वाचा-उपचार दोन्ही होतात. खासगी थेरपिस्ट गाठताना भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा, नोंदणी क्रमांक विचारा. विचारल्याचा राग येत असेल तर दुसरीकडे जा.

पहिल्या भेटीला येताना नवीन खेळणं आणू नका. घरातलं सगळ्यात आवडतं, चावून चोथा झालेलं आणा, आणि घरी खेळतानाचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवा, ज्यात मुलाबरोबर तुमचाही आवाज येईल. आमच्या खोलीत आल्यावर बरीच मुलं पहिला अर्धा तास आईच्या मागून बाहेर येत नाहीत.